शोकाच्या घरी आलेली सोबत



मैत्री, शोक आणि अनपेक्षित प्रेम या तीन धाग्यांनी विणलेल्या कादंबऱ्या अलीकडे पुष्कळ वाचल्या जातात. त्यांचे कथानक बहुधा ठरलेले असते. जिवाभावाचे एक माणूस जाते, मागे उरलेले दोघे एकमेकांना सावरू लागतात, आणि सावरता सावरता त्यांच्या ध्यानी येते की आता एकमेकांवाचून दिवस सरत नाही. वाचणाऱ्याचे डोळे पाणावतात. त्या दोघांचे एकदाचे जमावे, असे त्याला मनापासून वाटते.

मराठी कादंबरीचा आरंभच मुळी या विषयापाशी झाला आहे. बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाले. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा त्याच्या आदल्याच वर्षीचा, म्हणजे १८५६ सालचा. विधवांची दुःखे पाहत हिंडणारी यमुना पुढे स्वतःच विधवा होते आणि अखेर पुनर्विवाह करते. ग्रंथकर्त्याचा हेतू धर्मप्रसाराचाही होता. तरीही शोकानंतरच्या जीवनाचा विचार मराठी गद्याने इतक्या लवकर केला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मात्र कादंबरीतली माणसे तरुण असतात. नायकाला मोतीबिंदू झालेला नसतो आणि नायिकेचे गुडघे दुखत नसतात. नायक बहात्तर वर्षांचा आणि नायिका अडुसष्ट वर्षांची असली, आणि त्यातही तो आपलाच बाप किंवा ती आपलीच आई असली, म्हणजे तेच कथानक आपल्याला एकाएकी अवघड वाटू लागते. आज आपण त्या अवघडलेपणाविषयी बोलू. हा विषय आरोग्याच्या नियतकालिकात कशासाठी, हे पुढे स्पष्ट होईलच.

एका गावाचे चित्र

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला झरी जामणी तालुका आहे. पैनगंगा ओलांडली की तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा लागतो. कापूस, तूर आणि सोयाबीन ही इथली पिके. गोंड आणि कोलाम समाजाची वस्ती मोठी. कोलामांच्या वस्तीला इकडे पोड म्हणतात. मुले शिकली की नागपूरला, पुण्याला किंवा हैदराबादेस जातात आणि घरात म्हातारी माणसे उरतात.

या तालुक्यातल्या एखाद्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी राहतात, अशी कल्पना करा. त्यांच्या पत्नीचे दुखणे तीन वर्षे चालले. त्या काळात पत्नीची मैत्रीण रोज येत असे. तीही विधवा, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी. तिने आजारी मैत्रिणीला पेज भरवली, वेणी घातली आणि शेवटच्या दिवसांत अंथरुणही बदलले. मैत्रीण गेली, तेरवी झाली, मुलगा-सून पुण्याला परतले. बाईंनी मात्र येणे सोडले नाही. आधी डबा येऊ लागला, मग सायंकाळचा चहा सुरू झाला. बोलणे बहुतेक वेळा गेलेल्या माणसाचेच. “भाऊजी, तिला कढीत मेथीदाणा लागायचाच,” असे बाई म्हणत आणि गुरुजी हसत. वर्षभरात दोघांच्याही लक्षात आले की सायंकाळची वाट पाहिली जाते.

मग गावातून कोणीतरी मुलाला फोन केला. “तुमचे बाबा रोज सायंकाळी तिकडंच राह्यते जी.” मुलाने वडिलांना एवढेच विचारले, “बाबा, आईला जाऊन अजून दोन वर्षंही झाली नाहीत. लोक काय म्हणतात, कळत नाही का तुम्हाला?” गुरुजी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जाणे बंद केले.

चार महिन्यांनी मुलगा आला तेव्हा वडिलांचे वजन उतरले होते. एकदा लावलेला कुकर दोन दिवस पुरत होता आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटे अर्धीच रिकामी झाली होती. तपासण्यांत विशेष काही निघाले नाही.

हे चित्र कल्पनेने रेखाटले आहे. आपल्या ओळखीच्या एखाद्या घराशी त्याचा मेळ बसतो का, हे आपणच ताडून पाहावे. मुलाचे आईवर प्रेम होते आणि वडिलांवरही होते. त्याची समजूत एवढीच की नवी सोबत घरात आली तर आईची आठवण बाहेर जाईल. पुष्कळ घरे या एका समजुतीपायी आपल्या वडीलधाऱ्यांचे आरोग्य गमावतात. शोक आणि सोबत एकाच घरात नांदू शकतात, हेच आजच्या लेखाचे सांगणे आहे.

शोक शरीराचे काय करतो

अमेरिकेतील होम्स आणि राहे या दोन डॉक्टरांनी १९६७ साली जीवनातील ताण देणाऱ्या घटनांची एक मोजपट्टी तयार केली. तीत जोडीदाराच्या मृत्यूला सर्वाधिक, म्हणजे १०० गुण दिले आहेत. १९६९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ५५ वर्षे आणि त्यापुढील ४,४८६ विधुरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पत्नीच्या निधनानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत या पुरुषांमधील मृत्यूचे प्रमाण त्याच वयाच्या विवाहित पुरुषांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी अधिक आढळले, आणि त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा होता. पुढे हे प्रमाण हळूहळू पूर्वपदावर आले. ‘ती गेली आणि मागोमाग तेही गेले’ असे आपण सहज म्हणतो. त्या बोलण्यामागे असे शारीरिक सत्य आहे.

मोठ्या मानसिक धक्क्यानंतर हृदयाचा एक भाग तात्पुरता दुर्बळ होऊन फुगतो, असा एक विकार १९९० साली जपानी डॉक्टरांनी प्रथम वर्णिला. हृदयाचा आकार तिकडच्या ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यासारखा दिसतो, म्हणून त्याला ‘ताकोत्सुबो’ हे नाव पडले. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत तो अधिक आढळतो. लक्षणे हृदयविकाराच्या झटक्यासारखीच असतात: छातीत दुखणे, दम लागणे, घाम येणे. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात. परंतु घरी बसून त्याचे निदान होत नाही. म्हणून शोकाच्या दिवसांत वडीलधाऱ्या माणसाने छातीत दुखते असे सांगितले, तर ‘रडून रडून दुखत असेल’ असे म्हणून थांबू नये. लगेच १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

याखेरीज शोकाचे काही परिणाम सावकाश होत जातात. झोप तुटते, तोंडाची चव जाते, पाणी पिणे कमी होते. मधुमेहाची गोळी घेतली जाते, पण जेवण होत नाही आणि साखर एकदम उतरते. वर्षानुवर्षे पत्नीच गोळ्या काढून हातावर ठेवत असे. आता कोणती सकाळची आणि कोणती रात्रीची, हेच गुरुजींना ठाऊक नसते. स्त्रियांच्या बाबतीत अडचण निराळी असते. बँकेचा व्यवहार, दवाखान्याची फाईल, डॉक्टरांशी बोलणे ही सारी कामे पतीची असत, म्हणून त्या स्वतःचे दुखणे अंगावर काढत राहतात. अशा वेळी रोज सायंकाळी येऊन “आज चेहरा उतरलाय, काही खाल्लं का?” असे विचारणारे माणूस पुष्कळ मोठे काम करत असते.

शोकाला मुदत नसते. तरीही लक्ष ठेवण्याच्या काही खुणा असतात. गेलेल्या माणसाचा आवाज ऐकू आल्यासारखा वाटणे, ताट चुकून दोघांचे वाढले जाणे, सणाच्या दिवशी अचानक रडू कोसळणे ही शोकाची नेहमीची रूपे आहेत. त्यांना घाबरू नये. परंतु वर्ष उलटूनही शोकाची तीव्रता तसूभर उतरत नसेल, माणूस घराबाहेर पाऊल टाकत नसेल, अन्न नाकारत असेल, ‘मला आता जगायचे नाही’ असे पुन्हा पुन्हा म्हणत असेल, तर ते आजाराचे लक्षण समजावे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानग्रंथात २०२२ पासून ‘दीर्घकालीन शोकविकार’ या स्वतंत्र नावाने त्याची नोंद आहे आणि त्यावर उपचार होतात. ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ ही ‘एल्डर लाइन’ आहे.

मित्राच्या घरातून आलेली सोबत

आता महाराष्ट्राच्या इतिहासातली दोन घरे पाहू. दोन्ही आपल्या ओळखीची आहेत. पण या नजरेने आपण ती क्वचितच पाहतो.

पहिले घर धोंडो केशव कर्वे यांचे. कर्वे आणि नरहरपंत जोशी हे जिवलग मित्र. नरहरपंतांची बहीण गोदूबाई लहानपणीच विधवा झालेली. सासरी वर्षानुवर्षे कष्टांत काढल्यावर भावाने तिला मुंबईला आणले आणि पंडिता रमाबाईंनी १८८९ साली काढलेल्या शारदा सदनात शिकायला घातले. १८९१ साली कर्व्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या. कर्वे तेव्हा ३३ वर्षांचे होते आणि मुलगा रघुनाथ अवघा नऊ वर्षांचा. त्या काळच्या रीतीप्रमाणे एखाद्या दहा-बारा वर्षांच्या कुमारिकेशी लग्न लावून देण्यास कोणीही तयार झाले असते. कर्व्यांनी मात्र पुन्हा विवाह केला तर विधवेशीच करीन, असे ठरवले. मित्राच्या घरातली, दुःखाने पोळलेली आणि जिद्दीने शिकणारी गोदूबाई त्यांच्या परिचयाची होती. तिच्या वडिलांची संमती मिळाली आणि ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा विवाह झाला. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. पुढे सारे त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखू लागले.

या विवाहाची किंमत मोठी होती. कर्व्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला आणि त्याची झळ त्यांच्या आईला आणि भावंडांना सोसावी लागली. लोक काय म्हणतील, हा प्रश्न आजच्या गुरुजींपुढे आहे त्याहून किती तरी कठोर रूपात कर्व्यांपुढे उभा होता.

या घरात राधाबाईंचा मुलगा परका झाला नाही. तो शिकला, परदेशी जाऊन आला, आणि रघुनाथ धोंडो कर्वे या नावाने १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवून त्याने महाराष्ट्राला लैंगिक आरोग्याविषयी मोकळेपणाने विचार करायला शिकवले. कर्वे आणि आनंदीबाई यांचे सहजीवन १९५० साली आनंदीबाई वारल्या तोपर्यंत, म्हणजे सत्तावन्न वर्षे चालले. वयाच्या ९२ व्या वर्षी कर्व्यांना दुसऱ्यांदा विधुरपण आले आणि त्यानंतरही ते बारा वर्षे जगले. एका आयुष्यात दोन शोक आणि दोन संसार मावले. आनंदीबाईंचे ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र आपल्या गावच्या वाचनालयात मिळाले, तर अवश्य वाचावे. त्यातला स्पष्टवक्तेपणा मन प्रसन्न करतो.

आजारपणातून आलेली सोबत

दुसरे घर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. रमाबाईंचे निधन २७ मे १९३५ रोजी झाले. बाबासाहेबांनी रमाबाईंसह आपल्या चार अपत्यांचाही मृत्यू पाहिलेला होता. १९४० साली प्रसिद्ध झालेला पाकिस्तानविषयक ग्रंथ त्यांनी रमाबाईंच्या स्मृतीस अर्पण केला. पत्नीला जाऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती आणि राजकारणाच्या धकाधकीतही तो शोक त्यांच्या मनात जागा होता.

पुढे संविधानाच्या कामाचा भार वाढला आणि प्रकृती ढासळली. मधुमेह, रक्तदाब आणि पायांतल्या नसांच्या वेदना यांनी त्यांना जेरीस आणले. मुंबईतील डॉ. मालवणकर यांच्या दवाखान्यात त्यांचा डॉ. शारदा कबीर यांच्याशी परिचय वाढला. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत दोघांचा विवाह झाला. बाबासाहेबांनी आदल्याच दिवशी ५७ वर्षे पूर्ण केली होती, डॉ. शारदा ३९ वर्षांच्या होत्या. विवाहानंतर त्या सविता आंबेडकर झाल्या, आणि आज आपण त्यांना माईसाहेब म्हणून ओळखतो. पथ्य, औषध, इन्सुलिन आणि विश्रांती यांची शिस्त त्यांनी सांभाळली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत, पत्नीच्या आणि डॉ. मालवणकरांच्या वैद्यकीय कौशल्यामुळे आपण आजारातून सावरलो आणि हे काम पूर्ण करू शकलो, असे बाबासाहेबांनी कृतज्ञतेने नोंदवले आहे. मधुमेही माणसाच्या आयुष्यात जोडीदाराच्या देखरेखीचे मोल काय, हे याहून अधिक स्पष्टपणे कोण सांगणार?

या घरातून आणखी एक धडा घेण्यासारखा आहे. ६ डिसेंबर १९५६ नंतर माईसाहेबांच्या वाट्याला संशय आला आणि दीर्घ एकाकीपण आले. उतारवयात आलेल्या सोबतीचा आधारस्तंभ गेला की मागे राहिलेल्या माणसाकडे कुटुंब आणि समाज पाठ फिरवतात, हे आजही घडते. म्हणून अशी सोबत स्वीकारताना, आपल्यामागे तिचे काय होईल, याचा विचार आधीच करावा लागतो. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

आपल्या मातीतली रीत

‘आपल्यात असे चालत नाही’ हे वाक्य झरी जामणीच्या परिसरात बोलताना थोडे थांबावे. गोंड आणि कोलाम समाजात विधवेला पुन्हा संसार मांडण्याची मोकळीक परंपरेनेच आहे. विदर्भातल्या पुष्कळ शेतकरी जातींतही पाट लावण्याची रीत होती. विधवेने आयुष्यभर एकटे राहावे, हा दंडक मूळचा वरच्या मानल्या गेलेल्या जातींचा. प्रतिष्ठेच्या ओढीने तो इतरांनी उचलला. म्हणजे ज्याला आपण घराण्याची जुनी चाल समजतो, ती पुष्कळदा दोन-तीन पिढ्यांपूर्वी उसनी घेतलेली असते.

यवतमाळ जिल्ह्याला या प्रश्नाची आणखी एक दुखरी बाजू आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी या जिल्ह्यात किती तरी स्त्रिया ऐन तारुण्यात विधवा झाल्या. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथे ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्घाटन कळंब तालुक्यातील राजूर गावच्या वैशाली येडे यांच्या हस्ते झाले. त्यांचे पती कर्जबाजारी शेतकरी होते आणि त्यांनी आत्महत्या केली होती. शेतकरी विधवांचे जिणे मांडणाऱ्या ‘तेरवं’ या नाटकात वैशालीताईंनी स्वतः भूमिका केली आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी विधवा झालेल्या या पिढीतल्या अनेकींचे केस आता पांढरे होऊ लागले आहेत. मुले मोठी केली, कर्ज फेडले, आणि आता घर रिकामे झाले आहे. त्यांच्या पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचा विचार कोणी केला आहे का?

काही गावांनी पाऊल उचलले आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामसभेने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. पुण्यात माधव दामले यांनी २०१२ साली एकाकी ज्येष्ठांना एकमेकांचे साहचर्य मिळावे म्हणून मंडळ स्थापन केले. आपल्या गावात असे मंडळ नसेल. परंतु ओटा आहे, पार आहे, भजनी मंडळ आहे, बचतगट आहे. तेथे दोन एकटी माणसे बोलत बसली तर तिकडे टक लावून पाहू नये, एवढे तर कोणालाही जमेल.

मुलांनी आणि सुनांनी काय करावे

पहिली गोष्ट, नाते काय आहे ते लगेच विचारू नका. ‘हे नक्की काय चाललंय?’ या प्रश्नाचे उत्तर त्या दोघांनाही ठाऊक नसते. पुष्कळदा ती निव्वळ मैत्री असते आणि शेवटपर्यंत मैत्रीच राहते. आपल्या घाईमुळे त्यांना एक तर खोटे बोलावे लागते, नाही तर नाते तोडावे लागते.

दुसरी गोष्ट, गेलेल्या माणसाविषयी बोलणे थांबवू नका. आईचे श्राद्ध, आईच्या हातची भाजी, आईची नऊवारी यांविषयी नव्या सोबतीसमोरही बोला. ती व्यक्ती आईची मैत्रीण असेल तर तिच्यापाशीही आईच्या आठवणी आहेत. त्या आपल्याला ठाऊक नसलेल्या असतील. भिंतीवरचा फोटो कोणी उतरवू नये आणि उतरवण्याची अपेक्षाही करू नये.

तिसरी गोष्ट, स्वतःच्या शोकालाही जागा द्या. वडिलांचे सावरणे पाहून मुलाला राग येतो, कारण तो स्वतः अजून सावरलेला नसतो. “बाबा, मला अजून जड जातंय,” असे मोकळेपणाने म्हणता आले तर ‘लोक काय म्हणतील’ ही ढाल घ्यावी लागत नाही.

चौथी गोष्ट सावधगिरीची. सोबतीच्या नावाखाली फसवणूकही होते. प्रत्यक्ष भेट टाळणारी, फोनवरच गोड बोलणारी, थोड्याच दिवसांत पैसे, दागिने किंवा जमिनीचे कागद मागणारी व्यक्ती आढळली तर सावध व्हा आणि वडीलधाऱ्यांनाही सावध करा. मात्र अपमान करून सांगू नका. अपमान झालेले माणूस पुढच्या वेळी काही सांगतच नाही.

ज्येष्ठांनी स्वतः काय पाहावे

आपण स्वतः अशा वळणावर असाल तर घाई करू नका आणि अपराधीही मानू नका. पहिले वर्ष फक्त सहवासाचे असू द्या. घर विकणे, जमीन नावावर करून देणे, ठेवी मोडणे असे निर्णय शोकाच्या पहिल्या वर्षात टाळलेलेच बरे.

कागदांची व्यवस्था आधी करावी. मृत्युपत्र साध्या कागदावर लिहिता येते. त्यावर आपली सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली चांगली. त्यात मुलांना काय आणि सोबतीला काय, हे स्पष्ट लिहा. मुलांची पुष्कळशी भीती मालमत्तेची असते आणि ती बोलायला त्यांना लाज वाटते. आपणच तो विषय काढला तर घरातला अर्धा ताण उतरतो.

विधवा स्त्रियांना नेहमी सांगितले जाते की पुन्हा लग्न केले तर पहिल्या पतीची मालमत्ता जाईल. १८५६ च्या कायद्यात तशी तरतूद खरोखर होती. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने स्त्रीला वारसाहक्काने मिळालेला हिस्सा पूर्णपणे तिच्या मालकीचा केला. नंतरच्या पुनर्विवाहाने तो जात नाही. जुना कायदा १९८३ साली रद्दही झाला. मात्र हा १९५६ चा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. तेथे रूढी पाहिली जाते. म्हणून गोंड, कोलाम भगिनींनी आधी विधी सेवा समितीत विचारावे. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तेथे उत्पन्नाची अट न घालता विनामूल्य सल्ला मिळतो.

कुटुंब निवृत्तिवेतन घेत असाल तर विवाहनोंदणीपूर्वी, पुनर्विवाहानंतर ते चालू राहील की नाही, हे निवृत्तिवेतन देणाऱ्या कार्यालयाकडून लेखी घ्यावे. नियम खात्यागणिक निराळे असतात. तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

आणि शेवटची बाब आरोग्याची. आपल्या औषधांची यादी, रक्तगट, डॉक्टरांचा फोन आणि मुलांचे फोन एका कागदावर लिहून त्याची एक प्रत सोबतीच्या घरी ठेवा. रात्री-अपरात्री छातीत दुखू लागले तर पुण्याचा मुलगा सकाळी पोहोचेल. दोन गल्ल्या पलीकडचे माणूस दोन मिनिटांत येईल. त्या माणसाचा फोन क्रमांक मुलाकडे असलाच पाहिजे.

वाचकहो, येत्या पंधरवड्यासाठी एकच काम सुचवतो. आपल्या ओळखीत जोडीदार गमावलेले एक ज्येष्ठ माणूस निश्चित असेल. त्यांच्याकडे जा, सांत्वनाचे शब्द शोधत बसू नका, आणि एवढेच विचारा: “दिवसभरात तुम्ही कोणाशी बोलता?” उत्तरात एखादे नाव आले तर ते नाव ऐकून चेहरा बदलू देऊ नका. नाव आलेच नाही, तर पुढच्या सायंकाळी चहाला पुन्हा जा.